फिर्याद दिल्यावर पोलिसांना काय विचारायचं, कधी विचारायचं

पोलीस ठाण्यात फिर्याद देऊन घरी गेलेला माणूस दुसऱ्या दिवसापासून फोनकडं डोळे लावून बसतो. आठवडा जातो, पंधरवडा जातो, ठाण्यातून फोन येत नाही. मग तो दोनपैकी एक करतो. एक तर रोज ठाण्यात येऊन ‘साहेब आहेत का?’ विचारत बाकड्यावर बसतो, नाहीतर ‘काही व्हायचं नाही’ म्हणून नाद सोडून देतो. दोन्हीत नुकसान त्याचंच.

मी कोल्हापूर जिल्हा पोलीस दलात नोकरी केली. त्यातला बराच काळ ठाणे अंमलदार म्हणून दारातल्या टेबलाला बसले. आता सेवानिवृत्त आहे, तरी मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीत कुणाची गाडी गेली, कुणाची पोरगी त्रासात सापडली, की लोक आधी माझ्या दारात येतात. त्यांना जे सांगते तेच इथं लिहिते आहे.

फिर्यादीला माहिती देणं ही पोलिसांची मेहेरबानी नाही. ते कायद्यानं नेमून दिलेलं काम आहे. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम १९३ प्रमाणे तपास कुठवर आला हे ९० दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवायचं असतं. फोनवर, मेसेजवर, कसंही चालतं. पण तपासी अंमलदाराकडं एकटा तुमचाच गुन्हा नसतो. नवरात्रात अंबाबाईच्या देवळाचा बंदोबस्त, चैत्रात जोतिबाची यात्रा, गणपतीची मिरवणूक, पावसाळ्यात पंचगंगा पात्राबाहेर आली की पुराचा बंदोबस्त, आणि मधल्या दिवसांत कोर्टाच्या तारखा. म्हणून नेमक्या वेळी नेमकं विचारणारा फिर्यादी त्याच्या लक्षात राहतो. तसं कसं विचारायचं, ते पुढं सांगते.

ठाण्यात यायच्या आधी

घटना घडत असेल किंवा नुकतीच घडली असेल तर ११२ ला फोन. पैसे ऑनलाइन गेले असतील तर १९३०, आणि तोही बँकेत जाऊन रांगेत उभं राहायच्या आधी. चोरलेली रक्कम एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात फिरत असते. ती वाटेत कुठंतरी गोठवायची असेल तर हातात फार वेळ नसतो. व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम आणि तुमचा खाते क्रमांक कागदावर लिहून मगच फोन लावा. तिकडून जो तक्रार क्रमांक मिळेल तो जपून ठेवा, पुढं ठाण्यात तोच विचारतात.

घरफोडी झाली असेल तर काहीही आवरू नका. शेजारीपाजारी बघायला येणार म्हणून बायका पसारा उचलायला लागतात, कपाटाची दारं लावतात, फरशी पुसून घेतात. त्यात बोटांचे ठसे जातात. स्वयंपाकघरातला चहासुद्धा शेजारणीकडून मागवा, पण पंचनामा होईपर्यंत त्या खोलीत पाय टाकू नका.

‘हे आमच्या हद्दीत येत नाही’

पुण्याहून एसटीनं आलेली बाई मध्यवर्ती बसस्थानकावर उतरते आणि तिला कळतं की बॅगेची चेन उघडी आहे, आतला दागिन्यांचा डबा नाही. चोरी साताऱ्यात झाली, कराडला झाली की किणी टोलनाक्यापाशी, तिला कसं कळणार? पूर्वी अशा बाईला एका ठाण्यातून दुसऱ्या ठाण्यात फिरावं लागायचं. आता कलम १७३ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, जवळच्या ठाण्यानं खबर घ्यायची. शून्य क्रमांकानं गुन्हा नोंदवायचा आणि हद्दीच्या ठाण्याकडं पाठवायचा. तिथं त्याला नवा नंबर पडतो. झिरो एफआयआर म्हणतात तो हाच. तुमचं काम एवढंच की दोन-चार दिवसांनी पहिल्या ठाण्यात विचारायचं, ‘माझी फिर्याद कुठल्या ठाण्याकडं वर्ग झाली आणि तिथला नंबर काय?’ हे विचारायचं राहून गेलं की माणूस महिनाभर चुकीच्या ठाण्यात चकरा मारतो.

घरबसल्या ऑनलाइन खबर दिली तरी चालते, पण तीन दिवसांच्या आत ठाण्यात जाऊन तिच्यावर सही करावी लागते.

फिर्याद सांगताना

इथं जरा सावकाश लिहिते, कारण पुढचा सगळा तपास या दोन पानांवर उभा असतो.

रंकाळ्यावर पहाटे फिरायला गेलेल्या एका मावशींचं गळ्यातलं मोटारसायकलवरच्या दोघांनी हिसडा मारून नेलं होतं. त्या आल्या तेव्हा मानेवर ओरखडा होता, हात थरथरत होते. आधी पाणी दिलं, बसवलं. मग विचारलं, ‘मावशी, काय गेलं?’

‘गळ्यातलं गेलं की.’

‘गळ्यातलं म्हंजे?’

‘सोन्याचं हुतं.’

एवढ्यावर फिर्याद लिहिली असती तर कागदावर ‘एक सोन्याचा दागिना’ असं आलं असतं आणि उद्या जप्त झालेल्या दहा दागिन्यांतला त्यांचा कुठला, हे ठरवता आलं नसतं. मग एकेक विचारत गेले. ठुशी होती. मणी बारीक. मागं लाल दोऱ्याचा गोंडा, सोन्याची साखळी नव्हे. वजन किती? ‘अडीच तोळं.’ कधी केली? थोरल्या मुलाच्या लग्नात, गुजरीतल्या सराफाकडं. आणि मग त्यांना आपणहून आठवलं की डाव्या बाजूचे तीन मणी चेपले होते, ते सराफाकडून बदलून घेतले होते आणि नवे मणी किंचित लालसर दिसायचे. ते तीन लालसर मणी मी फिर्यादीत शब्दाला शब्द घेतले. पुढं चोरटा सापडला, मुद्देमाल निघाला, तेव्हा ओळख पटली ती त्या मण्यांवरून. वजनावरून पटली नसती, कारण अडीच तोळ्यांच्या ठुश्या कोल्हापुरात घरोघरी आहेत.

तेव्हा ठाण्यात येताना सराफाची पावती आणा. पावती नसेल तर लग्नातला, बारशातला, त्या दागिन्यासहित काढलेला कुठलाही फोटो आणा. गाडी असेल तर आरसी, मोबाइल असेल तर आयएमईआय नंबर. खोक्यावर किंवा बिलावर सापडतो. यातलं काही हाताशी नसलं तरी फिर्याद अडत नाही. कागद मागाहून पुरवणी जबाबासोबत देता येतात.

घटनेला आणि फिर्यादीला दोन दिवसांचं अंतर पडलं असेल तर का पडलं ते फिर्यादीतच सांगा. घाबरले होते, दवाखान्यात होते, नवरा बाहेरगावी होता, जे खरं असेल ते. कोर्टात आरोपीचा वकील पहिला प्रश्न त्याच्यावरच विचारतो.

सही करायच्या आधी फिर्याद वाचून घ्या. चष्मा विसरला असेल तर वाचून दाखवायला सांगा. शेवटी ‘माझी फिर्याद मला वाचून दाखवली, ती माझे सांगणेप्रमाणे बरोबर आहे’ असं वाक्य असतं, आणि सही त्याखाली करायची असते. आपण न बोललेलं वाक्य दिसलं तर तिथंच थांबा आणि दुरुस्त करून घ्या. अंमलदार रागावला तरी चालेल.

आणखी एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. चोरी झाली असेल तर ‘गहाळ’ लिहून घेऊ नका. मोबाइल खिशातून मारला असताना ‘गहाळ झाल्याचा दाखला घ्या, सिमकार्ड मिळून जाईल’ असा सल्ला मिळतो. दाखल्यावर सिमकार्ड मिळतं हे खरं, पण गुन्हा दाखल होत नाही आणि गुन्हा दाखल नसेल तर तपास, आरोपी, मुद्देमाल हा पुढचा भागच उरत नाही. कुणी खिसा कापला, हात घातला, धक्का दिला असेल तर तसंच सांगा आणि तसंच लिहून घ्या.

दखलपात्र की अदखलपात्र

ठाण्यात हा शब्द कानावर पडला की लोक गोंधळतात. दखलपात्र गुन्ह्यात पोलिसांना एफआयआर नोंदवावाच लागतो. ललिता कुमारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये हे ठणकावून सांगितलं आहे. अदखलपात्र म्हणजे एनसी. साधी मारहाण, शिवीगाळ, नुसती धमकी यांची एनसी होते. तिची नोंद होते, पण कोर्टाच्या हुकमाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. म्हणून एनसी देऊन ‘आता पोलीस त्याला उचलतील’ असं समजून घरी बसू नका.

नव्या कायद्यात बऱ्याच जणांना ठाऊक नसलेला बदल आहे. ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीच्या वस्तूची साधी चोरी आता अदखलपात्र धरली जाते. राहत्या घरातून किंवा एसटीतून झालेली चोरी, आणि हिसकावून नेणं, हे मात्र वेगळे गुन्हे आहेत. तिथं किंमत कमी असली तरी गुन्हा दखलपात्रच. म्हणून वस्तू कुठून आणि कशी गेली हे सांगताना घाई करू नका.

‘चौकशी चालू आहे, नंतर या’ असं उत्तर आलं तर विचारा, ‘ही कलम १७३ खालची १४ दिवसांची प्राथमिक चौकशी आहे का?’ ३ वर्षं किंवा त्याहून जास्त, पण ७ वर्षांच्या आत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत डीवायएसपींच्या, म्हणजे पोलीस उपअधीक्षकांच्या परवानगीनं अशी चौकशी करता येते. तिची मुदत १४ दिवसांचीच आहे. महिनाभर चालणारी चौकशी या कलमात बसत नाही.

घरी जाताना हातात काय हवं

एफआयआरची प्रत, मोफत. झेरॉक्सचे पैसेसुद्धा द्यायचे नाहीत. प्रतीवर तीन गोष्टी बघा: गुन्हा रजिस्टर नंबर म्हणजे गु.र.नं., लावलेली कलमं आणि तपास कुणाकडं दिला त्या अधिकाऱ्याचं नाव. त्या अधिकाऱ्याचा मोबाइल नंबर ठाणे अंमलदाराकडून मागून घ्या आणि प्रतीच्या मागं पेनानं लिहा. तुमचं नाव सांगून कुणाला काही सापडत नाही, ठाण्यात सगळं गु.र.नंबरवर चालतं. प्रत हरवलीच तर महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर प्रकाशित एफआयआर बघायला मिळतात. महिलांवरचे, मुलांवरचे अत्याचार असे संवेदनशील एफआयआर तिथं टाकत नाहीत आणि टाकूही नयेत.

बाई असेल, साठीच्या पुढचा पुरुष असेल, पंधरा वर्षांखालचं मूल असेल, अपंग किंवा आजारी माणूस असेल, तर साक्षीदार म्हणून जबाबाला त्यांना ठाण्यात बोलावता येत नाही. पोलिसांनी त्यांच्या घरी जायचं असतं. आपण होऊन गेलात तर हरकत नाही. पण रात्री आठला फोन करून ‘मॅडम, ठाण्यात या’ म्हटलं तर ‘उद्या सकाळी घरी या, मी थांबते’ असं बिनदिक्कत सांगा.

तपास चालू असताना

पहिले आठ दिवस अधिकाऱ्याला त्याचं काम करू द्या. या दिवसांत पंचनामा, सीसीटीव्हीचं फुटेज, साक्षीदारांचे जबाब होतात. तुमच्याकडून मदत हवी ती फुटेजची. गल्लीतल्या दुकानाच्या कॅमेऱ्यात जुनं फुटेज काही दिवसांत आपोआप पुसलं जातं. दुकानदार ओळखीचा असेल तर ‘पोलीस येईपर्यंत पुसू देऊ नका’ एवढं त्याला सांगून ठेवा, आणि कुठल्या दुकानाला कॅमेरा आहे ते अधिकाऱ्याला कळवा. फुटेज स्वतः मिळवून व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरवू नका. आरोपी सावध होतो आणि पुढं ओळख परेडीला अर्थ राहत नाही.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी एक मेसेज पाठवा. फोन केला तर अधिकारी बंदोबस्तात असतो, ‘बघतो’ म्हणतो आणि विसरतो. मेसेज मात्र राहतो. मी लोकांना असा लिहून देते:

‘नमस्कार साहेब. गु.र.नं. अमुक, फिर्यादी अमुक. तपासाची सद्यःस्थिती कळवावी ही विनंती. फिर्याद देताना राहिलेली एक माहिती आठवली आहे, पुरवणी जबाबासाठी कधी हजर राहू?’

शेवटचं वाक्य खरोखर काही आठवलं असेल तरच लिहा. पण आठवतं. धक्का ओसरला की गाडीचा रंग आठवतो, एकानं दुसऱ्याला मारलेली हाक आठवते. ते कळवणारा फिर्यादी अधिकाऱ्याला हवाच असतो, आणि तो भेटला की माहिती दोन्हीकडून वाहायला लागते.

मेसेजला उत्तर आलं नाही तर प्रभारी अधिकाऱ्यांच्या नावानं साध्या कागदावर अर्ज करा. दोन प्रती. दुसऱ्या प्रतीवर ठाण्याचा शिक्का, तारीख आणि सही घ्यायची, त्याला आपल्याकडं पोच म्हणतात. ९० दिवस उलटले असतील तर अर्जात कलम १९३ चा उल्लेख करा.

पुढच्या गोष्टी घडतील तेव्हा त्या विचारून घ्यायचा तुम्हाला हक्क आहे: कुणाला अटक झाली का, जामिनाचा अर्ज पडला का, मुद्देमाल मिळाला का, दोषारोपपत्र म्हणजे चार्जशीट कोर्टात कधी जाणार. संशयित कोण आहेत, खबर कुणी दिली, पथक कुठं गेलं आहे हे मात्र पोलीस सांगणार नाहीत, आणि सांगू नये. त्यावर हट्ट धरला तर तपासालाच धोका.

एक गोष्ट अनेकांच्या मनाला लागते, म्हणून आधीच सांगते. ७ वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात नाव निघालं म्हणून लगेच अटक होत नाही. आरोपीला नोटीस देऊन बोलावलं जातं, जबाब होतो आणि तो घरी जातो. तो पापाची तिकटी चौकात वडा खाताना दिसला म्हणजे पोलीस मॅनेज झाले असा अर्थ होत नाही. अटकेत असलेल्या आरोपीचं दोषारोपपत्र गुन्ह्याप्रमाणे ६० किंवा ९० दिवसांत गेलं नाही तर त्याला जामिनाचा हक्कच मिळतो. म्हणून अटक झालेल्या गुन्ह्यात पन्नासाव्या दिवसाच्या सुमारास ‘चार्जशीट तयार होतंय का?’ असं अधिकाऱ्याला नम्रपणे विचारा.

आरोपीकडून किंवा त्याच्या माणसांकडून दम आला, कुणी ‘मिटवून टाका’ म्हणून दारात आलं, तर त्याच दिवशी लेखी कळवा. फोनचं रेकॉर्डिंग असेल तर जपा. जीव धोक्यात असेल तर साक्षीदार संरक्षण योजनेखाली जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडं अर्ज जातो. तो कसा करायचा हे तपास अधिकारी किंवा सरकारी वकील सांगतात.

बाई किंवा मूल पीडित असेल तेव्हा

लैंगिक अत्याचाराची खबर पोलिसांनी नोंदवली नाही तर तो त्या पोलिसाचाच गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेच्या कलम १९९ प्रमाणे, आणि त्याला किमान ६ महिन्यांची शिक्षा आहे. हे ठाण्यातल्या प्रत्येकाला माहीत असतं. तुम्हालाही माहीत असू द्या.

आधी दवाखान्यात नेलंत तरी चालतं. सरकारी असो की खासगी, कुठल्याही रुग्णालयानं अशा पीडितेवर मोफत उपचार करायचे आणि पोलिसांना कळवायचं असतं. कोल्हापुरात बहुतेक जणी सीपीआरला, म्हणजे इथल्या मोठ्या सरकारी रुग्णालयात जातात. अंघोळ करू नका, कपडे धुऊ नका; अंगावरचे कपडे कागदी पिशवीत ठेवा, प्लास्टिकच्या नको. हे आईला सांगताना जीव तुटतो, कारण पोरीला आधी न्हाऊ घालावं असंच तिला वाटत असतं. पण सांगावं लागतं.

बलात्कार पीडितेचा जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल तिथं, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, आईवडील किंवा जवळच्या माणसासमोर घ्यायचा. मूल असेल तर अधिकारी गणवेशात नको आणि मुलाला रात्री ठाण्यात ठेवायचं नाही. पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखालच्या गुन्ह्यात पोलीस २४ तासांत बालकल्याण समितीला कळवतात, आणि समिती मुलासाठी एक सहाय्यक व्यक्ती नेमून देऊ शकते. ती व्यक्ती कोर्टापर्यंत सोबत राहते. मागून घ्या. पोक्सो आणि बलात्काराचा तपास दोन महिन्यांत पुरा करायचा असतो. पीडितेचं नाव, गाव, शाळा कुणी छापलं, स्टेटसला लावलं तर तो स्वतंत्र गुन्हा आहे. गावातल्या ग्रुपवर ‘अमक्याची मुलगी’ असा मेसेज फिरला तर स्क्रीनशॉट घेऊन तपास अधिकाऱ्याला द्या.

पैशाच्या मदतीसाठी महाराष्ट्रात मनोधैर्य योजना आहे. बलात्कार, बालकांवरचे लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ला यांतल्या पीडितांना १० लाखांपर्यंत मदत मिळू शकते. निर्णय जिल्हा विधी सेवा प्राधिकरण घेतं, त्यांचं कार्यालय कसबा बावड्यातल्या न्यायसंकुलात आहे. तपास अधिकाऱ्याला विचारा की एफआयआरची प्रत प्राधिकरणाकडं गेली का. ‘निकाल लागल्यावर बघू’ असं कुणी म्हटलं तर ऐकू नका, निकालाच्या आधीही मदत मिळते. राहायची सोय, समुपदेशन लागलं तर १८१ वरून सखी केंद्राशी जोडून देतात.

ॲट्रॉसिटीच्या, म्हणजे अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांवरच्या अत्याचाराच्या गुन्ह्यात तर कायदा आणखी पुढं जातो. जामिनाची असो वा सुनावणीची, प्रत्येक तारखेची वेळेवर सूचना मिळण्याचा पीडिताला हक्क आहे. अर्थसाहाय्य टप्प्याटप्प्यानं मिळतं, त्यासाठी विचारे माळावरच्या सामाजिक न्याय भवनात समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडं चौकशी करा.

मुद्देमाल सापडला तर

पोलीस वस्तू दाखवून ओळखून घेतील, पण हातात देणार नाहीत. ती कोर्टाच्या हुकमानं मिळते. ‘मुद्देमाल परत मिळणेबाबत’ असा अर्ज कोर्टात द्यायचा, पोलिसांचं म्हणणं येतं, फोटो निघतात, मग सुपूर्दनामा (वस्तू सांभाळायला घेतल्याचा कागद) आणि बंधपत्र लिहून दागिना किंवा गाडी ताब्यात मिळते. खटला संपेपर्यंत थांबायची गरज नाही. मुद्देमाल वर्षानुवर्षं ठाण्यात सडत ठेवू नये असं सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्येच सांगितलं आहे, आणि नवी संहिताही फोटो-यादी करून तो लवकर निकाली काढायला सांगते. परत मिळालेली ठुशी मात्र मोडायची नाही, आटवायची नाही, विकायची नाही. कोर्टानं मागितली तर दाखवावी लागते.

शेवटी दोनच कागद

तपास संपला की एक तर दोषारोपपत्र जातं, नाहीतर समरी, म्हणजे तपास बंद करण्याचा अहवाल. अ समरी म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी सापडला नाही. ब म्हणजे फिर्याद खोटी. क म्हणजे गैरसमजातून झालेली किंवा दिवाणी स्वरूपाची. चोऱ्यांत अ समरी बरीच होते, आणि ती झाली म्हणून दार बंद होत नाही, धागा मिळाला की तपास पुन्हा उघडता येतो. समरी मंजूर करण्याआधी कोर्टानं फिर्यादीला नोटीस द्यायची असते. ती नोटीस आली की घाबरू नका, पण टाकूनही देऊ नका. पटत नसेल तर त्या तारखेला हजर राहून हरकतीचा अर्ज द्या. विशेषतः ब समरीवर गप्प बसणं परवडत नाही, कारण त्यात तुम्हाला खोटं ठरवलेलं असतं.

दोषारोपपत्र गेलं तर तुमच्या वकिलामार्फत त्याची प्रत मिळते. खटला सरकारी वकील चालवतात, त्यांना मदत करायला तुम्ही आपला वकील देऊ शकता. वकील परवडत नसेल तर १५१०० ला फोन लावा. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि अपंग यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. तारखा मात्र स्वतः बघत राहा. ई-कोर्ट्सच्या मोबाइल ॲपवर ठाण्याचं नाव आणि एफआयआर नंबर टाकला की पुढची तारीख दिसते. समन्स बजावणारा हवालदार येईल याची वाट बघू नका, आणि भाड्याचं घर बदललंत तर नवा पत्ता तपास अधिकाऱ्याला आणि सरकारी वकिलांना लेखी द्या. फिर्यादी सापडत नाही म्हणून पडलेले खटले मी पाहिले आहेत.

ऐकूनच घेत नसतील तर

आधी ठाण्याचे पीआय म्हणजे पोलीस निरीक्षक, मग डीवायएसपी. तिथंही फिर्याद घेतली नाही तर कलम १७३ प्रमाणे सगळा मजकूर लिहून पोलीस अधीक्षकांना पाठवा. कोल्हापूरला पोलीस आयुक्तालय नाही, जिल्ह्याचे प्रमुख एसपीच आहेत. अर्ज स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती ठेवा, कारण पुढची पायरी न्यायदंडाधिकारी आहे आणि ‘मी एसपींना अर्ज केला होता’ हे तिथं प्रतिज्ञापत्रावर सांगावं लागतं. त्याही पुढं जायची वेळ आलीच तर मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातच सुरू झालं आहे. रात्रीची गाडी पकडून मुंबई गाठायची दगदग आता उरलेली नाही.

निकाल विरोधात गेला, आरोपी सुटला, कमी गुन्ह्यात शिक्षा झाली किंवा भरपाई तुटपुंजी मिळाली, तर पीडिताला स्वतः अपील करता येतं. सरकार अपील करेल का, याची वाट बघत बसू नका. अपिलाला मुदत असते. निकालाच्या दिवशीच नक्कल विभागात अर्ज टाका आणि वकिलाला शेवटची तारीख विचारून एफआयआरच्या प्रतीवर लिहून ठेवा.